पुस्तकावरचा खटला आणि वाचकाची झडती

अश्लीलतेच्या खटल्यांचा इतिहास साहित्याचे अभ्यासक दडपशाहीचा इतिहास म्हणून वाचतात, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या इतिहासातील एका गोष्टीचे मोल आता नव्याने जाणवते. त्या खटल्यांत आरोपी असे ते पुस्तक, त्याचा लेखक, प्रकाशक वा विक्रेता. वाचकाला कोणी नावगाव विचारीत नसे.

ब्रिटनच्या २०२३ च्या ‘ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्ट’ने हा क्रम उलटवला. २५ जुलै २०२५ पासून तेथे अश्लील चित्रण दाखवणाऱ्या, तसेच आत्महत्येस वा आत्मपीडेस उत्तेजन देणाऱ्या मजकुराला वाव देणाऱ्या संकेतस्थळांवर येणाऱ्याचे वय खात्रीलायकपणे तपासण्याचे बंधन आले. ‘मी सज्ञान आहे’ अशी खूण करून भागत नाही. चेहऱ्याचे छायाचित्र, ओळखपत्र, क्रेडिट कार्ड असे काहीतरी पुढे करावे लागते. कसूर झाल्यास एक कोटी ऐंशी लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या दहा टक्के, यांपैकी मोठी असेल त्या रकमेपर्यंत दंड.

हेतूविषयी वाद नाही. आंतरजालावर मुलांना होणारी इजा खरी आहे. पण सर्वांना तपासल्याखेरीज मूल कोण हे कळत नाही. म्हणजे कायदा मुलांसाठी आणि झडती सर्वांची.

यावर चित्रपटगृहाचे उदाहरण दिले जाते. तेथेही वय पाहतातच की! पाहतात, पण डोअरकीपर चेहरा पाहतो आणि विसरतो. यंत्रणेच्या विसरण्याची हमी कोण देणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘डिस्कॉर्ड’ने जाहीर केले, की सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे बाहेरच्या एका सेवादात्याकडून परक्या हाती गेली असण्याची शक्यता आहे. ती वयाच्या पडताळणीशी संबंधित तक्रारींसाठीच घेतलेली होती.

दुसरा प्रश्न आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेले चंद्रकांत काकोडकर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष ठरले. केवळ लैंगिक उल्लेखामुळे कादंबरी किशोरांना वर्ज्य ठरवली, तर त्यांना धार्मिक ग्रंथांखेरीज काही वाचता येणार नाही, अशा आशयाचे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. खटल्याने लेखकाला वर्षानुवर्षे छळले हे खरेच. पण शेवटी कारणमीमांसा देणारे निकालपत्र हाती आले. आता दंडाच्या धाकाखालची कंपनी ठरवते, की कोणते पान दाराआड ठेवायचे. दंड चुकवायचा, तर शंकास्पद ते सारे दाराआड टाकणेच तिच्या सोयीचे. तेथे ना साक्षीपुरावा, ना निकालपत्र.

आणि दारावर नाव विचारले की काय होते? र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्या’त वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे छापली जात. त्यांवरून १९३४ मध्ये खटला झाला. कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. आरोपी उत्तर देणारा होता, विचारणारे नव्हते. प्रश्न टपालात टाकण्यापूर्वी प्रत्येकाला ओळखपत्र दाखवावे लागते, तर किती पत्रे आली असती? ज्याला विचारण्याची लाज वाटते, त्यालाच माहितीची गरज सर्वांत जास्त असते; सोळा वर्षांच्या मुलालाही.

याच कायद्यात मुलांपुढे घातक मजकूर आपणहून लोटणाऱ्या शिफारसयंत्रणांना आवर घालण्याची तरतूद आहे. भर तिच्यावर हवा, कारण ती कंपनीला जाब विचारते, वाचकाला नव्हे. वय तपासणे अटळच असेल, तर उत्तर केवळ ‘सज्ञान’ किंवा ‘अज्ञान’ एवढेच मिळावे, ओळख कोठेही साठू नये, आणि कोणता मजकूर दाराआड जावा याचा अंतिम निर्णय न्यायालयात, उघडपणे व्हावा. पुस्तकांच्या बाजूने साक्ष देण्याची परंपरा साहित्याच्या अध्यापकांना आहे. तीच साक्ष आता वाचकाच्या बाजूने द्यावी लागेल.