हद्द दोन नगरांची, वाट एकाच प्रवाशाची

निगडीहून निघालेला जुना मुंबई-पुणे रस्ता आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी अशी एकेक वस्ती मागे टाकीत दापोडीला येतो, हॅरिस पुलावरून मुळा नदी ओलांडतो आणि बोपोडीत पुणे महापालिकेच्या हद्दीत शिरतो. पुढे खडकी छावणीचा परिसर आणि संरक्षण खात्याच्या जमिनी लागतात. मग पुन्हा पुणे. या वाटेने रोज कारखान्यात, महाविद्यालयात वा कचेरीत जाणाऱ्याला आपण किती संस्थांच्या अधिकारक्षेत्रातून गेलो, याचे भान असण्याचे काही कारण नाही. त्याच्या लेखी ती एकच वाट आहे आणि प्रश्नही एकच आहे : बस वेळेवर मिळणार की नाही?

प्रशासनाच्या लेखी मात्र ही वाट पुलावर तुटते. पुणे-पिंपरी परिसरातील सार्वजनिक वाहतुकीच्या दुखण्याचे मूळ नेमके इथे आहे.

पुणे महापालिका १९५० ची, तर पिंपरी-चिंचवड महापालिका १९८२ ची. दोन्ही नगरांच्या बससेवाही अनेक वर्षे वेगळ्या होत्या : एकीकडे पीएमटी, दुसरीकडे पीसीएमटी. २००७ मध्ये त्यांचे विलीनीकरण होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ अर्थात पीएमपीएमएल अस्तित्वात आले. पुण्याचा वाटा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के, असे सूत्र ठरले. निर्णय योग्यच होता. परंतु दोन संस्था एक केल्याने दोन मने एक होतातच असे नाही. आमच्या हद्दीत बस किती धावतात, मोडक्या गाड्या आमच्याच वाट्याला का, तूट आम्ही का भरावी, हे प्रश्न विलीनीकरणानंतरही दोन्ही सभागृहांत गाजत राहिले. महामंडळाच्या प्रमुखपदी आलेले अधिकारीही फार काळ टिकले नाहीत. तुकाराम मुंढे यांच्यासारख्या शिस्तीबद्दल प्रसिद्ध असलेल्या अधिकाऱ्याला या पदावर पूर्ण एक वर्षही मिळाले नाही. ज्याला घडी बसवायची, त्यालाच वर्षभराची शाश्वती नसेल तर वेळापत्रकाची शाश्वती कोणी द्यायची?

बीआरटीची कथा याहून बोलकी आहे. कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर डिसेंबर २००६ मध्ये पुण्याने बससाठी राखीव मार्गिकेचा प्रयोग केला. पुढे पिंपरी-चिंचवडनेही आपल्या रुंद रस्त्यांवर ही योजना नेटाने राबविली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये दापोडी-निगडी मार्ग सुरू झाला. पण राखीव मार्गिकेचे सारे बळ तिच्या सलगतेत असते. निगडीपासून वाचविलेली मिनिटे बोपोडी-खडकीच्या कोंडीत गमवावी लागणार असतील, तर प्रवाशाने दुचाकी घरी का ठेवावी? पुलाच्या अलीकडे राखीव मार्गिका आणि पलीकडे संरक्षण खात्याच्या जमिनीपायी वर्षानुवर्षे रखडलेले रुंदीकरण, अशी अवस्था राहिली. त्यातच नगर रस्त्यावरील बीआरटीचे कठडे पुण्यात पुढे काढून टाकण्यात आले. एक नगर बांधीत होते, दुसरे मोडीत होते. शेजारधर्माचे हे लक्षण नव्हे.

याउलट मेट्रोकडे पाहावे. डिसेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन झाले, मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी हा पहिला टप्पा धावू लागला, ऑगस्ट २०२३ मध्ये गाडी नदी ओलांडून जिल्हा न्यायालयापर्यंत आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटला पोहोचली. पुढे निगडीपर्यंतच्या सुमारे साडेचार किलोमीटरच्या विस्ताराची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. नदी तीच, हद्द तीच. मग इथे पूल आडवा का आला नाही? कारण संपूर्ण वाटेची जबाबदारी महामेट्रो या एकाच संस्थेवर होती. जे हजारो कोटींच्या मेट्रोला जमते, ते बसला जमू नये असा काही निसर्गनियम नाही.

अर्थात, मेट्रो आली म्हणून बसचे काम संपत नाही. ते वाढते. आरंभी ‘भोसरी’ असे नाव दिलेले स्थानक प्रत्यक्षात नाशिक फाट्यावर आहे आणि मूळ भोसरी तेथून काही किलोमीटर दूर. हे अंतर तोडायला बसच लागते. याच वाटेला समांतर पुणे-लोणावळा लोकलही धावते. लोकल, मेट्रो आणि बस यांची वेळापत्रके एकमेकांना विचारून आखली गेली नाहीत, तर तिन्ही असूनही प्रवासी फाट्यावर ताटकळतच राहणार.

पिंपरी-चिंचवडच्या करदात्याची एक तक्रार असते : पैसा आमचा आणि सोय पुण्याची. ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण तिचे उत्तर हात आखडता घेण्यात नसून हिशेब उघडा करण्यात आहे. कोणत्या मार्गावर किती फेऱ्या ठरल्या, किती झाल्या, किती प्रवाशांना त्यांचा लाभ झाला, हे दरमहा नागरिकांसमोर मांडले जावे. निगडीत राहून शिवाजीनगरला नोकरी करणारा आणि कोथरूडला राहून भोसरीच्या कारखान्यात जाणारा, यांपैकी कोण कोणत्या नगराचा? त्यांच्या प्रवासाची तूट भरणे हे शेजाऱ्याला दिलेले दान नव्हे, ते स्वतःच्याच कुटुंबाप्रती असलेले कर्तव्य आहे. जून २०२५ मध्ये बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. प्रवाशाने आपला वाटा उचलला आहे. आता संस्थांची पाळी आहे.

केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणाने महानगरात सर्व वाहतुकीचे एकत्रित नियोजन करणारे प्राधिकरण असावे, असा आग्रह धरला. अशा प्राधिकरणाला केवळ बैठका घेण्याचा नव्हे, तर निधी व मार्ग ठरविण्याचा खरा अधिकार मिळाला पाहिजे. निगडी-स्वारगेट ही वाट त्याची पहिली कसोटी ठरावी : एक वेळापत्रक, एका प्रवासाला एक भाडे, सलग राखीव मार्गिका आणि चुकले तर जाब देणारा एक अधिकारी.

हे स्वप्नरंजन मुळीच नाही. दरवर्षी आषाढी वारीला तुकोबांची पालखी आकुर्डीमार्गे याच परिसरातून पुण्यात येते. त्या वेळी दोन्ही महापालिका, पोलीस, बससेवा सारे एका योजनेने राबतात. पाणी कोणी द्यायचे, रस्ता कोणी झाडायचा, यावरून पालखी पुलावर अडल्याचे कोणी पाहिलेले नाही. जी एकजूट वारकऱ्यासाठी दिसते, ती रोजच्या कष्टकऱ्यासाठी का दिसू नये?

मार्च २०२२ मध्ये दोन्ही सभागृहांची मुदत संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर लोकनियुक्त सदस्य परत आले आहेत. आता ‘वरून निर्णय होत नाही’ ही सबब उरलेली नाही. नागरिकांनी आपल्या प्रभागातील गटार-दिव्यांइतक्याच आग्रहाने आपल्या नगरसेवकाला विचारले पाहिजे : पुलापलीकडच्या सहकाऱ्याशी या वाटेविषयी आपण शेवटचे कधी बोललात?