‘घरी बसून ऐका’ म्हणणाऱ्यांना

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या शाळेतले गणिताचे निवृत्त मास्तर दुपारच्या सुट्टीत माझ्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसता बसता म्हणाले, “सर, यंदा गाण्याला तुम्ही एकटेच जा. माझं बंद झालं.”

मास्तरांचे वय शहात्तर. घरची भाषा कन्नड, पण जन्मभर गणित शिकवले ते मराठी माध्यमात. दाद मात्र ते कोणत्या भाषेत देतात हे मला अजून ठरवता आलेले नाही. ‘आहाहा’ला भाषा कुठली लावायची? गेली पंचवीसएक वर्षे थंडीचे दिवस आले की आम्ही दोघे कुठल्या ना कुठल्या मोठ्या संगीत महोत्सवाला जातो. कधी पुणे, कधी धारवाड, कधी गोवा.

“बंद कोणी केलं?” मी विचारले.

“मुलानं, सुनेनं, सगळ्यांनी मिळून. एक मोठा फोन घेऊन दिलाय. त्यात सगळं गाणं आहे म्हणे. घरी बसून ऐका म्हणतात.”

हा लेख मास्तरांच्या मुलाविरुद्ध नाही. तो माझाच विद्यार्थी, वडिलांची काळजी घेणारा, गुणी मुलगा. माझे भांडण आहे ते त्याच्या तोंडून बोलणाऱ्या एका समजुतीशी. मैदानावरचा गाण्याचा उत्सव ही तरुणांची गोष्ट आहे, आणि साठी-सत्तरीच्या माणसाने तेथे जाणे म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर, अशी ती समजूत आहे. ती प्रेमाच्या वेषात येते, म्हणून तिला कोणी उलट उत्तर देत नाही. मी देणार आहे.

आधी ‘बंद’ का झाले ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या महोत्सवाला गेलो होतो. शहराचे आणि संस्थेचे नाव घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही; तो महोत्सव पुण्याचा नव्हता, एवढे मात्र सांगून ठेवतो. भव्य मंडप, दोन्ही बाजूंना मोठे पडदे, रोषणाई, खाण्याचे पदार्थ नाना तऱ्हेचे. पुढे देणगीदारांसाठी सोफे, मध्ये सतरंज्या, अगदी मागे थोड्या खुर्च्या. शौचालये मैदानाच्या पार टोकाला. वाटेत दोरखंड, खुंट्या, केबली आणि अंधार. मास्तरांनी पहिल्याच दिवशी हा सगळा भूगोल पाहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापासून पाणी पिणे सोडून दिले. मला सांगितले नाही. रात्री मध्यंतराला उठले आणि त्यांना घेरी आली. स्वयंसेवक मुले चांगली होती, त्यांनी धरून खुर्चीवर बसवले. प्रथमोपचाराच्या तंबूतल्या तरुण डॉक्टरांनी तपासले, मीठ-साखरेचे पाणी दिले आणि म्हणाले, “आजोबा, तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही पाणी प्यायला नाहीत, एवढंच.”

घरी मात्र बातमी पोचली ती ‘मास्तर गाण्यात पडले’ अशी. निकाल लागला : वय झाले.

मी विचारतो, यात वयाचा दोष किती आणि मैदानाच्या टोकाला बांधलेल्या शौचालयाचा किती? ज्या गैरसोयीवर दोन हजार रुपयांत दिवे आणि चार फळ्या टाकून उपाय झाला असता, तिच्यासाठी एका माणसाचा पन्नास वर्षांचा छंद बंद करायचा?

‘घरी बसून ऐका’ म्हणणाऱ्यांची बाजू मला ठाऊक आहे. यंत्रांचा मी शत्रू नाही. आमच्या घराला गाणे शिकवले ते रेडिओने. धारवाड आकाशवाणी आणि सांगली आकाशवाणी नसत्या तर माझ्यासारख्या खेड्यातल्या मुलाला मोठे गवई नावानेसुद्धा कळले नसते. आज फोनवर जे मिळते ते त्या काळी संस्थानिकांनाही मिळत नव्हते. हे सर्व मान्य. पण फोनवरचे गाणे आपल्या हातात असते. दाराची घंटा वाजली की ते थांबते, कंटाळा आला की पुढे सरकते. विलंबित ख्याल हा थांबवण्या-सरकवण्याचा प्रकार नव्हे. त्याच्यापुढे बसावे लागते, त्याची वाट पाहावी लागते. मंडपात पाच हजार माणसे समेची वाट पाहत असतात तेव्हा ती शांतता गवयालाही ऐकू जाते. तो एक आवर्तन अधिक घेतो, घेतलेली जागा पुन्हा निराळी घेऊन दाखवतो. फोनपुढे बसून ‘वाहवा’ म्हणावे तर ती ऐकायला स्वयंपाकघरातला कुकर. मास्तरांनीच मला सांगितले, “सर, फोनमध्ये गाणं उत्तम आहे. पण मी दाद द्यायची विसरलो.”

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९८८ साली, वीस वर्षांचा असताना, मी पहिल्यांदा पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो. तेव्हा तो रमणबागेच्या मैदानावर होत असे आणि रात्र रात्र चाले. माझ्या शेजारी काळी टोपी घातलेले, सत्तरी उलटलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी माझे नाव विचारले नाही, मी त्यांचे विचारले नाही. एक विलंबित ख्याल सुरू होता आणि मला ताल काही केल्या सापडेना. त्यांच्या ते लक्षात आले असावे. त्यांनी आपला हात माझ्या गुडघ्याजवळ आणला आणि एका बोटाने मात्रा मोजू लागले. काल कुठे, सम कुठे, हे हाताच्या हालचालीने दाखवले. चौदा मात्रांचा झुमरा मी त्या रात्री शिकलो तो त्या बोटावरून. पहाटे त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, अर्धा कप चहा मला दिला आणि गर्दीत निघून गेले.

त्या गृहस्थांना त्यांच्या मुलाने ‘घरी बसून ऐका’ म्हटले असते तर? गाण्याला गुरू-शिष्य परंपरा असते हे आपण शाळेत शिकवतो. ऐकण्याचीही परंपरा असते आणि ती सतरंजीवर, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते, हे कोणी सांगत नाही. मंडपातले म्हातारे घरी पाठवा, मग तरुण पोरांना टाळ्या कुठे वाजवायच्या नाहीत हे सांगणार कोण? पडदा तर सांगणार नाही. पडद्यावर तान आली की टाळ्या, तबल्याने जोर धरला की टाळ्या.

आणि वयाचाच हिशेब करायचा तर व्यासपीठाचाही करू. गंगूबाई हनगल १९१३ साली जन्मल्या आणि २००६ पर्यंत मैफलीत गायल्या. प्रभा अत्रे नव्वदी गाठेपर्यंत गात होत्या आणि सवाईचा समारोप कित्येक वर्षे त्यांच्या गाण्याने झाला. त्यांच्या वयाचे आम्ही कौतुक केले, उभे राहून टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर नव्वदीचा गौरव आणि मंडपात सत्तरीला मज्जाव, हा कुठला न्याय?

आपल्या सीमाभागातल्या वाचकांना हे सांगण्याचे आणखी कारण आहे. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, धारवाडजवळच्या कुंदगोळचे. मातृभाषा कन्नड, नाव गाजले मराठी रंगभूमीवर. १९५२ साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य, गदगचे भीमसेन जोशी, यांनी पुण्यात गुरूच्या नावाने उत्सव सुरू केला. कुमार गंधर्व जन्मले ते आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, गावे इकडची तिकडे गेली. त्याचे दुःख आपण अजून वागवतो आहोत. पण गाण्याची वाटणी कोणाला करता आली नाही. मास्तर आणि मी एका सतरंजीवर बसतो तेव्हा त्या न झालेल्या वाटणीवरच बसलेलो असतो. आज आपल्या घरांत आजीची भाषा मराठी, बाजारची कन्नड आणि नातवाची इंग्रजी झाली आहे. आजोबा आणि नातू यांना मिळून करता येण्याजोगे काय उरले आहे? शब्दांवाचून तीन तास शेजारी बसता येईल अशी जागा फार थोडी आहे. त्यातली एक आपण आपल्या हाताने बंद करतो आहोत.

आता आयोजकांकडे वळतो. दरवर्षी कोठे ना कोठे ‘ज्येष्ठ रसिकांचा सत्कार’ होतो. शाल, श्रीफळ, टाळ्या, छायाचित्र. ती शाल राहू द्या. थंडीची आमची आम्ही आणतो. आम्हाला पाठीला टेकू असलेल्या खुर्च्या द्या, आणि त्या अगदी मागे नव्हे तर मंडपाच्या कडेला, ये-जा करता येईल अशा ठिकाणी द्या. शौचालय मंडपाजवळ, वाट सपाट, वाटेवर दिवा, धरायला कठडा. तिकीट फोनवरूनच मिळेल असे सांगू नका. एक खिडकी उघडी ठेवा. भोंग्यांचा आवाज जरा आवरा. वय वाढले की कानाची बारीक, उंच स्वर टिपण्याची शक्ती आधी कमी होते. आवाज वाढवून ती परत येत नाही, उलट तानपुरा बुडतो आणि तबला डोक्यात आदळतो. यात भीक काही नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क मान्य केला आहे. गुडघे धरलेल्या माणसाला तो लागू होतो की नाही, हा वाद वकिलांनी घालावा. कठडा तोवर सुताराने बसवावा.

आमच्या पिढीलाही दोन शब्द सुनावल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आपण मंडपात जाऊन करतो काय? ‘आमच्या वेळचं गाणं राहिलं नाही’ असे पहिल्या आलापालाच जाहीर करतो. शेजारच्या मुलीने रागाचे नाव विचारले तर ‘एवढंही माहीत नाही?’ म्हणून भुवया चढवतो. नव्या गायकाचे नाव वाचून चहाला उठतो. काळ्या टोपीच्या त्या गृहस्थांनी माझी परीक्षा घेतली असती तर मी दुसऱ्या वर्षी गेलो नसतो. मंडपातली जागा हक्काने मागायची तर तेथे बसण्याची रीतही आपल्यापाशी हवी.

आमचा आणखी एक हट्ट मी सोडून दिला आहे, तो रात्रीचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद केला, तेव्हा रसिकांनी फार हळहळ केली. मीही केली. मालकंस, दरबारी यांची वेळच गेली, हे खरे. राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंतची सवलत देता येते; त्यातले काही दिवस गाण्याला मिळावेत म्हणून जरूर भांडावे. पण मैदानाशेजारच्या घरातही कोणी आजारी असतो, आणि तोही बहुधा आमच्याच वयाचा असतो. शिवाय दहाच्या बंधनाने एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली : म्हाताऱ्याला रात्री अंथरुणावर पाठ टेकता येते. मग सकाळची सत्रे का वाढवू नयेत? ललत आणि तोडी ऐकायला सकाळी सातला जेवढे म्हातारे जागे असतात, तेवढे तरुण खचित नसतात.

गेल्या डिसेंबरात मी एकटाच गेलो. शेजारची जागा भरली होती, पण ‘आहाहा’ ऐकू आला नाही. परत आल्यापासून ते मनात खुपत होते. शेवटी गेल्या महिन्यात मास्तरांच्या मुलाला शाळेत बोलावून घेतले. बेचाळिशीचा माणूस, पण हेडमास्तरांनी बोलावले म्हणून शर्ट खोचून आला. वर जे लिहिले तेच त्याला सांगितले. तो म्हणाला, “सर, काही झालं तर?” मी म्हणालो, “तू बरोबर चल. काही झालं तर तू आहेस, आणि नाही झालं तर गाणं आहे.” त्याने आजवर एकही मैफल पुरी ऐकलेली नाही. गाणे शिकवण्याच्या भीतीने बाप गप्प राहिला आणि काळजीच्या भरात मुलाने बापालाच घरी बसवले, असा तो प्रकार होता.

या डिसेंबरला आम्ही तिघे जाणार आहोत. जागा कडेच्या खुर्च्यांवर, मास्तर मध्ये. पाण्याची बाटली मी भरून नेणार आहे आणि ती मास्तरांनी मध्यंतरापूर्वी संपवायची, असे मुलासमक्ष ठरले आहे.