माणसं वाढवा, उशीर वाढवा!

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा ग्रुप चौघांचा असावा की आठ जणांचा, यावर होस्टेलमध्ये हल्ली रोज वाद होतो. बहुतेकांचं म्हणणं, आठ जण असले की काम निम्म्या वेळात! माझं मत उलट आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या. गणित मात्र बरोबर आहे.)

१९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० हे कॉम्प्युटर्स जाहीर केले. त्यांच्यासाठी ओएस/३६० ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचं काम फ्रेडरिक ब्रूक्स यांच्याकडे होतं. पैसा भरपूर, माणसं शेकड्यांनी. तरी काम लांबलंच. त्या अनुभवावर ब्रूक्सनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात नवी माणसं घातली, तर ते आणखी लांबतं.

असं का? आपल्या मेसमध्येच बघा ना. चार मावशी चपात्या लाटायला बसल्या की चपात्या पटापट होतात, कारण प्रत्येक चपाती वेगळी. पण कुकरभोवती चौघी उभ्या राहिल्या म्हणून भात लवकर शिजत नाही! शिवाय नव्या माणसाला शिकवणार कोण? जो आधीच कामात बुडालाय तोच. आणि बोलणं वाढतं ते वेगळंच. चौघांत जोड्या सहा, आठांत अठ्ठावीस. माणसं दुप्पट, पण चर्चा जवळजवळ पाचपट.

दुसरा घोळ अंदाजाचा. "कोडिंग? पंधरा दिवसांत उडवू," असं आपण छातीठोकपणे सांगतो. ब्रूक्स यांच्या हिशेबात एकूण वेळेचा एक तृतीयांश भाग प्लॅनिंगला, एक षष्ठांश कोडिंगला आणि उरलेला निम्मा टेस्टिंगला जातो. म्हणजे पंधरा दिवसांचं कोडिंग हा नव्वद दिवसांचा प्रोजेक्ट झाला. आपलं टेस्टिंग मात्र एक्स्टर्नलसमोरच होतं!

काम खरोखरच सुटंसुटं असेल, तर आठ जण जरूर घ्या, पण पहिल्या दिवसापासून. सबमिशन तोंडावर आल्यावर दुसऱ्या ग्रुपचे चौघं आणून जोडले, तर एक ना धड, भाराभर चिंध्या.

म्हणून सरांना आणि मॅडमना एकच विनंती. एखादा ग्रुप मागे पडला तर त्याला माणसं देऊ नका. दोन मॉड्यूल्स कमी करा, नाहीतर तारीख पुढे ढकला. आणि मित्रांनो, सिनॉप्सिसमध्ये तारीख टाकण्याआधी तिला एकदा सहाने गुणून बघा!