माळ्यावरची दुर्बीण

वाढदिवसाला किंवा परीक्षेतील यशाबद्दल मुलांना दुर्बीण भेट देण्याची पद्धत अलीकडे व्यापारी घरांतही रुळू लागली आहे. मोठे खोके घरी येते, रविवारची दुपार जोडणीत जाते, पहिल्याच रात्री गच्चीवरून चंद्र दिसतो आणि सारे घर हरखून जाते. पुढच्या आठवड्यात गुरू शोधताना मात्र नळी अडखळते, जोर लावला की एकदम पुढे निसटते, आणि मोठ्या मुश्किलीने सापडलेला ग्रह धूसर व पसरट दिसतो. महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर जाते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर भांडवल अडकले आणि परतावा थांबला. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, "ही लहान पडते, मोठी घ्या." हा सल्ला बहुधा चुकीचा असतो. तयार मिळणाऱ्या डॉबसोनियन दुर्बिणीत खरी किंमत आरशाची असते आणि तो आरसा सहसा चांगलाच असतो. उणीव असते ती त्याच्या भोवतीच्या लाकडी बैठकीत, घर्षणात आणि जुळणीत. ती घरच्या घरी, थोड्या खर्चात दूर करता येते.

ज्यांच्या नावाने ही दुर्बीण ओळखली जाते, त्या जॉन डॉबसन यांची कथा या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १९१५ मध्ये बीजिंग येथे झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यानंतर १९४४ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त मठात दाखल झाले. मठवासीयाजवळ पैसा कुठला असणार? त्यांनी जहाजांच्या गोल खिडक्यांची टाकाऊ जाड काच मिळवून ती हाताने घासून आरसे केले, पुठ्ठ्याची नळी व प्लायवूडचा खोका वापरला आणि कोणालाही बनवता येईल अशी साधी बैठक तयार केली. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. त्यानंतर ते शहराच्या पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवू लागले. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले नाही, म्हणून आज जगभरचे कारखाने ती बनवतात. योगायोग असा की, ज्या १९४४ साली डॉबसन मठात गेले त्याच वर्षी पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. पुढे पुण्यातच आयुका या संस्थेने हौशी मंडळींसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आणि अनेकांनी स्वतःच्या हाताने आरसा घासण्याचे कष्टाचे काम शिकून घेतले. तेव्हा विकत घेतलेल्या दुर्बिणीला हात लावताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. ती मुळातच घरगुती कारागिरीतून जन्मलेली वस्तू आहे.

आता हिशेब पाहू. बाजारात लोकप्रिय असलेल्या ८ इंची दुर्बिणीच्या मुख्य आरशाचा व्यास सुमारे २०३ मिलिमीटर आणि नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असते. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटर धरली, तर हा आरसा डोळ्याच्या आठशेपट प्रकाश गोळा करतो. सोबत मिळणाऱ्या २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने ४८ पट आणि १० मिलिमीटरच्या नेत्रिकेने १२० पट वर्धन मिळते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्यामुळे १२० पट वर्धनात गुरू दृश्यक्षेत्राच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर साधारण दीड मिनिटात सरकतो. म्हणजे पाहणाऱ्याने दर मिनिटाला नळी किंचित ढकलली पाहिजे. ही ढकल लोण्यासारखी मऊ नसेल, तर आठशेपट प्रकाशाचा उपयोग होत नाही.

पहिली पायरी : आरशांची जुळणी

सर्वांत मोठी सुधारणा जवळजवळ फुकट होते. नळीच्या तळाशी मुख्य आरसा आणि तोंडाशी तिरपा दुय्यम आरसा असतो. वाहनात हादरे बसले की दोघांची जुळणी बिघडते आणि प्रतिमा पसरट दिसते. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी घरात सापडली तर तिचा तळ कापावा व झाकणाच्या बरोबर मध्यावर बारीक छिद्र पाडावे. ही डबी सव्वा इंची नेत्रिकेच्या जागी नेमकी बसते. छिद्रातून पाहताना आधी दुय्यम आरशाचे तीन स्क्रू फिरवून त्यात मुख्य आरशाचे पूर्ण वर्तुळ मध्यावर आणावे. नंतर तळाचे तीन स्क्रू फिरवून मुख्य आरशाच्या मध्यावरील खुणेच्या कड्यात छिद्राचे प्रतिबिंब आणावे. दुय्यम आरशाचे स्क्रू फिरवताना नळी आडवी ठेवावी, म्हणजे हातातील पाना निसटला तरी तो मुख्य आरशावर पडणार नाही. शेवटची परीक्षा ध्रुवताऱ्यावर घ्यावी, कारण तो जागचा हलत नाही. तारा किंचित अस्पष्ट केला की त्याभोवती कडी दिसतात. ती समकेंद्री असतील तर जुळणी साधली. मुळशीतून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश उंच असतो, त्यामुळे उत्तरेला डोंगर आडवा येणार नाही अशी जागा आधी पाहून ठेवावी.

नळीची चाल

तयार बैठकीत तळाच्या दोन फळ्यांमध्ये बहुधा साध्या प्लॅस्टिकच्या चकत्या असतात. अशा चकत्यांवर स्थिर वस्तू हलवायला जास्त जोर लागतो आणि ती हलू लागली की कमी. या फरकामुळे नळी आधी अडते आणि मग झटक्याने पुढे जाते. टेफ्लॉनमध्ये हा फरक फार थोडा असतो. पुण्याच्या बोहरी आळीसारख्या बाजारात थोडी पायपीट केली की या कामाचे सामान जमते. टेफ्लॉनचे तीन लहान तुकडे खालच्या फळीवर, नेमके तिच्या तीन पायांच्या वर, समान अंतरावर बसवावेत. खिळ्यांची डोकी पृष्ठभागाच्या आत ठोकावीत. वरच्या फळीच्या खालच्या अंगाला गुळगुळीत नव्हे, तर दाणेदार पोताचा सनमायका चिकटवावा. मधला बोल्ट करकचून आवळू नये, कारण त्याचे काम फळी जागेवर ठेवण्यापुरतेच असते. चाल आता फारच सैल वाटू लागली, तर बोल्टभोवतीच्या चकत्यांची जाडी कमी-अधिक करून ती हवी तशी करता येते.

वर-खाली होणाऱ्या चालीतील अडचण बहुधा तोलाची असते. जड नेत्रिका लावली की नळीचे तोंड खाली झुकते, म्हणून लोक बाजूच्या मुठी आवळतात आणि पुन्हा झटके सुरू होतात. तराजूचा व्यवहार जाणणाऱ्या घराला उपाय सांगण्याची गरज नसावी. नळी पोलादी असते. तिच्या खालच्या टोकाला एक-दोन चुंबके चिकटवली की तोल जमतो आणि मुठी सैल ठेवता येतात.

काळोख आणि गारवा

नळीचा आतला काळा रंग दिवसा काळा दिसतो, पण तिरप्या प्रकाशात चकाकतो. शेजारच्या बंगल्याचा दिवा त्यावरून परावर्तित होऊन नेत्रिकेत उतरतो आणि आकाश राखाडी दिसते. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा काळा वेल्व्हेट पेपर नेत्रिकेच्या समोरच्या बाजूला, नळीच्या आत चिकटवावा. काम सुरू करण्यापूर्वी मुख्य आरसा त्याच्या चौकटीसह काढून सुरक्षित ठेवावा. काळ्या फोम शीटची गुंडाळी नळीच्या तोंडाला बसवली की बाजूचा प्रकाश अडतो आणि दुय्यम आरशावर दव धरायलाही वेळ लागतो.

दुसरा शत्रू उष्णतेचा. पुण्याहून गाडीच्या डिकीत तापून आलेल्या जाड आरशावरून उबदार हवा वर चढत राहते आणि तव्यावरची हवा थरथरावी तसा ग्रह थरथरतो. दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेवणे हा साधा उपाय आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांना हे सहज जमते. जेवणाला बसण्यापूर्वी ती अंगणात सावलीत, तोंडावर झाकण ठेवून मांडावी, म्हणजे अंधार पडेपर्यंत आरसा निवलेला असतो. घाई असेल तर संगणकातील १२ व्होल्टचा जुना पंखा आरशाच्या मागे रबर बँडांवर तोलून बॅटरीवर चालवावा. रबरामुळे पंख्याची कंपने नळीपर्यंत पोहोचत नाहीत.

वस्तू शोधण्याची सोय

मुलांचा उत्साह मावळतो तो बहुधा शोधाशोधीत. बैठकीच्या खालच्या फळीभोवती ० ते ३६० अंशांचे छापील कडे चिकटवावे, वरच्या फळीला एक दर्शक काटा लावावा आणि नळीवर सुतार वापरतात तो चुंबकी डिजिटल कोनमापक ठेवावा. मोबाइलवरील आकाशनकाशा हव्या त्या ताऱ्याची दिशा व उंची अंशांत सांगतो. बैठक पाणसळीने सपाट करावी, एका ओळखीच्या ताऱ्यावर काटा जुळवावा, आणि पुढचे तारकागुच्छ आकड्यांवरून गाठावेत. वहीत आकडे मांडण्याची सवय असलेल्या मुलांना हा खेळ फार आवडतो. नकाशा पाहताना लाल प्रकाशाची विजेरी वापरावी. त्याने डोळ्यांचा अंधाराचा सराव मोडत नाही आणि दिव्याभोवती कीटकही कमी जमतात.

काय करू नये, हेही स्पष्ट असावे. आरसा फडक्याने पुसू नये. थोडी धूळ प्रतिमा बिघडवत नाही, पुसण्याने पडलेले ओरखडे मात्र कायमचे राहतात. ४०० पट वर्धनाच्या आशेने नेत्रिका घेऊ नये, कारण आपल्या डोक्यावरची हवा बहुतेक रात्री २०० ते २५० पटींपुढे साथ देत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नळीच्या तोंडावर प्रमाणित सौर गाळणी पक्की बसवल्याशिवाय दुर्बीण किंवा तिची शोधक दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये. क्षणार्धात दृष्टी जाऊ शकते. लहान मुले असलेल्या घरात दिवसा दोन्हींवर झाकणे असलीच पाहिजेत.

मुळशीचा पावसाळा आणि मुळशीची रात्र

ताम्हिणी-मुळशीचा पाऊस महाराष्ट्रातील सर्वांत जोरदार पावसांपैकी आहे. बैठकीचे पार्टिकल बोर्ड ओल धरले की कडांना फुगते, म्हणून सर्व उघड्या कडांना व स्क्रूच्या भोकांना वॉर्निशचे दोन हात द्यावेत. दमट हवेत काचेवर बुरशी येते. नेत्रिका सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि ओली दुर्बीण प्लॅस्टिकमध्ये कधीही गुंडाळू नये. नळीत एखाद्या कोळ्याने घर केलेले आढळले, तर त्याला हलकेच बाहेर सोडून द्यावे. चातुर्मासात आकाश मिटलेले असते, त्यामुळे वर सांगितलेल्या दुरुस्त्यांना हाच काळ योग्य. दिवाळीला आकाश धुऊन निघते तोवर दुर्बीण सज्ज असावी.

ज्या मुळशी धरणाच्या पाण्यावर भिरा येथे वीज तयार होऊन मुंबईचे दिवे लागले, त्याच्या काठी अजून थोडा अंधार शिल्लक आहे. पूर्वेला पुण्याची लाली चढत असली तरी पश्चिमेला व दक्षिणेला आकाश बरेच काळे असते. वद्य पक्षातील हिवाळी रात्री मृगातला तेजोमेघ पंख पसरल्यासारखा दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेला सुमारे २४ अंशांवर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा विराट तारकागुच्छ येतो. अमेरिका-युरोपच्या बऱ्याच भागांतून तो दिसतच नाही. चंद्र पाहायचा असेल तर पौर्णिमा टाळून शुद्ध अष्टमी निवडावी, तेव्हा उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. तिथी पाहण्याची सवय असलेल्या घराला निरीक्षणाचे वेळापत्रक वेगळे आखावे लागत नाही.

डॉबसन यांच्या लेखी दुर्बिणीचे मोल आरशाच्या व्यासावर नव्हे, तर तिच्यातून किती जणांनी पाहिले यावर ठरत असे. त्या मापाने शेवटची सुधारणा एका ठेंगण्या, भक्कम स्टुलाची आहे. ते नेत्रिकेजवळ ठेवले की पाच वर्षांच्या मुलाचा डोळाही तिथे पोहोचतो आणि आजीला टेकून बसता येते. मुळशीच्या घराची राखण करणाऱ्याची मुले, शेजारच्या वाडीतली मंडळी यांनाही बोलवावे. शनीची कडी पहिल्यांदा पाहणारा माणूस डोळा काढून नळीच्या तोंडात डोकावतो, आत चित्र तर लावले नाही ना म्हणून. माळ्यावरची दुर्बीण खाली काढण्याला एवढे कारण पुरेसे आहे.