टर्बो बदलण्याआधी धूर कुठून येतो ते पाहा



मोटारगाडी पूर्वी आपल्या वस्तीत यायची ती लग्नाच्या वरातीपुरती. आता पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली, जुनी का होईना, पण स्वतःची गाडी चाळीच्या तोंडाशी उभी दिसते, याचा आम्हाला आनंदच आहे. २०१७ साली आलेली टाटा नेक्सॉन, २०१९ ची ह्युंदाई व्हेन्यू अशा गाड्यांमुळे टर्बो पेट्रोल इंजिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, आणि आता ते सेकंडहँड बाजारातही मिळते. त्याबरोबर एक तक्रार कानावर येते. गाडी चालताना ठीक असते, पण सिग्नलला स्लोवर उभी राहिली की सायलेन्सरमधून धूर निघतो. गॅरेजवाला बॉनेट न उघडताच सांगतो, "टर्बो गेला." नवा टर्बो म्हणजे कामगाराच्या घरातला काही महिन्यांचा पगार. म्हणून या वेळी सदरात हा विषय घेतला आहे.

टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक पंखा फिरवतो आणि दुसरा पंखा इंजिनात हवा दाबून भरतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. जोरात असताना हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्याला आधार असतो ऑइलच्या पातळ थराचा. हे ऑइल टर्बोत पंपाच्या दाबाने जाते, पण परत येते ते केवळ उतारावरून, आपल्या मोरीच्या पाण्यासारखे. मोरी तुंबली की पाणी घरात येते, हे आपल्या भगिनींना सांगायला नको.

प्रथम धुराचा रंग पाहावा. थंडीत सकाळी पांढरी वाफ दिसते आणि इंजिन तापल्यावर जाते, तो दोष नव्हे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते, त्याचीच ती वाफ. मात्र इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, गोडसर वास असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅसकेट तपासावे, आणि तोवर गाडी चालवू नये. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. इंजेक्टर किंवा सेन्सरचा दोष स्कॅनर लावून शोधता येतो. निळा रंग आपल्याला कितीही प्रिय असला तरी सायलेन्सरमधून तो नको. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि "टर्बो गेला" हा निकाल बहुधा यावरच दिला जातो.

आता निळा धूर केव्हा येतो ते पाहा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताच एक झोत येऊन थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. चढावर रेस दिल्यावर जास्त येत असेल तर पिस्टन रिंगवर. पाच-दहा मिनिटे स्लोवर उभी राहिल्यावर वाढत जात असेल तर दोन शक्यता राहतात. स्लोवर इंजिनात हवा ओढण्याच्या बाजूला जोराची ओढ असते, ती झिजलेल्या सीलमधून ऑइल खेचते. दुसरे असे की, टर्बोच्या गरम पंख्याकडील वायूचा दाब त्या वेळी कमी असतो, त्यामुळे एरवी अडून राहणारे ऑइल बाहेर झिरपते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाला असाच निकाल मिळाला होता. आजारी वडिलांना दवाखान्यात नेता यावे म्हणून त्यांनी गाडी घेतली होती, आणि टर्बोसाठी मंगळसूत्र मोडायची वेळ आली होती. आयटीआय शिकलेल्या आपल्याच एका मुलाने गाडी उघडली. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा बरेच वर होते, आणि टर्बोच्या रिटर्न पाइपात काळा गाळ घट्ट बसला होता. पाइप साफ केला, ऑइल आणि फिल्टर बदलले. टर्बो तोच राहिला. नवा बसवला असता तरी त्याच तुंबलेल्या पाइपामुळे धूर पुन्हा आला असता, हे ध्यानात घ्या.

म्हणून आधी कमी खर्चाचे पाहावे. सपाट जागी ऑइलची पातळी बघा. एअर फिल्टर बघा. तो तुंबला तर हवेच्या बाजूनेही ऑइल ओढले जाते. मग इंजिन स्लोवर ठेवून ऑइल भरण्याचे झाकण उघडावे आणि तोंडावर पातळ प्लास्टिकचा तुकडा धरावा. तो किंचित आत ओढला गेला तर ठीक. फुगून वर उडू लागला तर इंजिनाच्या पोटात दाब साठतो आहे. ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदला असेल किंवा रिंगा झिजल्या असतील. हा दाबही टर्बोचे ऑइल परत येऊ देत नाही. हे सर्व मोकळ्या जागेतच करावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

एवढ्यावर उलगडा झाला नाही तर मिस्त्रीला प्लग काढायला सांगा. प्लग आणि इंजिनाची एक्झॉस्ट तोंडे ऑइलने ओली असतील तर दोष इंजिनात आहे, कॉम्प्रेशन तपासावे. ती कोरडी आणि टर्बोच्या पुढचा पाइप ओला, तरच टर्बोचे नाव घ्यावे. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा हलका थर दिसला म्हणून घाबरू नका, तो असतोच; वाटीभर साचलेले असेल तर गोष्ट निराळी.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगितले, ते गॅरेजच्या दारातही लागू आहे. मिस्त्री आपला शत्रू नाही, तोही पोटासाठीच काम करतो. पण ओला पाइप डोळ्यांनी दाखवा म्हणावे, खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, आणि काढलेला जुना भाग परत मागावा. पीयूसी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत निळ्या धुराची दाटी मोजत नाहीत. ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र गाडी तेथेच बंद करावी.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्याच दिवशी पुन्हा धूर दिसला तर लगेच भांडायला जाऊ नये. सायलेन्सरमध्ये आधी साचलेले ऑइल जळून जायला वेळ लागतो. गाडी चांगली तापेल इतकी मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणा, मग घराजवळ दहा मिनिटे स्लोवर उभी करून पाहा. ऑइलची पातळी दर आठवड्याला एका वहीत लिहून ठेवा.