उसन्या वाऱ्यांची नावं

मोबाइलमधलं हवामानाचं ॲप हल्ली वाऱ्याचे दोन आकडे दाखवतं. एक सरासरी वेगाचा, दुसरा ‘गस्ट’चा, म्हणजे झोताचा. वेधशाळा सरासरी काढतात दहा मिनिटांची, झोत मोजतात तीन सेकंदांचा. छत्री उलटायला तेवढे तीन सेकंद पुरतात. हा गस्ट इंग्रजीत आला कुठून, म्हणून कोश उघडला आणि सबंध रविवार त्यातच गेला.

गस्ट मूळचा इंग्रजांचा नाहीच. तो व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतला ‘गुस्टर’. उसळून बाहेर पडणं या अर्थाच्या धातूशी त्याचं नातं. आइसलँडच्या उकळत्या कारंज्यांवरून आलेलं ‘गीझर’ हे नावही त्याच कुळातलं. म्हणजे आपल्या न्हाणीघरातला गीझर आणि हा झोत चुलतभाऊ निघाले! ‘विंडो’ही नॉर्सच, मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. आपल्या गवाक्षातही डोळा आहे, फक्त तो गाईचा.

नवल पुढेच आहे. व्हायकिंग ब्रिटनच्या किनाऱ्याला लागले आठव्या शतकाच्या अखेरीस, आणि गस्ट लिखित इंग्रजीत दिसतो थेट १५८०च्या दशकात. मधली शतकं तो खलाशांच्या किंवा खेड्यापाड्यांच्या तोंडीच राहिला असावा, असा कोशकारांचा तर्क. वाऱ्याशी ज्यांची रोजची गाठ, त्यांनी शब्द जपला. लिहिणाऱ्यांनी तो बऱ्याच उशिरा उचलला.

यॉर्कशरमधल्या ‘वुदरिंग’चंही तसंच. एमिली ब्राँटीची ‘वुदरिंग हाइट्स’ १८४७ साली आली, तेव्हा या शब्दाचा अर्थ तिला पहिल्याच प्रकरणात समजावून द्यावा लागला. उघड्या माळावरच्या घराभोवती वादळात जो कल्लोळ चालतो, त्यासाठीचं हे तिथलं विशेषण. वाऱ्याचा जोर किती, हे सांगायला ती आकडा देत नाही. घराच्या टोकाला वाढ खुंटलेली चार झाडं एका अंगाला किती कलली आहेत, तेवढं दाखवते.

स्कॉटलंडकडे आणि शेटलंड बेटांवर ‘फ्लॅन’ म्हणून एक झोत आहे. तो डोंगरावरून अचानक खाली कोसळतो. धुराड्यात शिरून चुलीचा धूर उलटा घरात लोटणाऱ्या झोतालाही हेच नाव. शब्द एकच, पण डोंगर, धुराडं आणि डोळे चोळणारी घरची माणसं, सगळी त्यात आली.

अशा शब्दांची अडचण एकच: ते ज्याच्या त्याच्या गावचे. एका कप्तानाचा सोसाटा दुसऱ्याला झुळूक वाटू शकतो. १८०५च्या सुमारास ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने वाऱ्याला शून्य ते बारा अशा पायऱ्या ठरवल्या. माप होतं युद्धनौकेच्या शिडांचं: किती शिडं उभी ठेवता येतात आणि किती उतरवावी लागतात. बाराव्या पायरीला कुठलंच शीड टिकत नाही. त्यातल्या दोन ते सहा या पाच पायऱ्या ‘ब्रीझ’च्या. तो शब्द स्पॅनिश-पोर्तुगीज खलाशांचा, मुळात ईशान्येच्या वाऱ्याचं नाव. ‘गेल’ आठव्या पायरीवर, आजच्या हिशेबात ताशी ६२ ते ७४ किलोमीटर.

या शिस्तीचं मोल पुढे कळलं. ऑक्टोबर १८५९मध्ये ऑस्ट्रेलियाहून परतणारं ‘रॉयल चार्टर’ जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर, डार्विनला ‘बीगल’वरून नेणाऱ्या रॉबर्ट फिट्झरॉयने १८६१पासून तारेने बंदरोबंदरी वादळाचे इशारे धाडायला सुरुवात केली. इशाऱ्यातल्या शब्दाचा अर्थ प्रत्येक बंदरात एकच असावा लागतो. तिथे फ्लॅनला जागा मिळणं शक्य नव्हतं, आणि मिळाली नाही याबद्दल माझी तक्रारही नाही. इशाऱ्याने जीव वाचतात.

पण म्हणून गावचा शब्द मोडीत काढण्याचं कारण नाही. आकडा वेग सांगतो, आणि तो चोख सांगतो. कुठल्या कड्यावरून झोत उतरणार आणि कुणाच्या चुलीचा धूर घरभर करणार, हे सांगायला मात्र त्या गावचा माणूस आणि त्याची बोलीच लागते.