सही कोणाची?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतली एक सून भर दुपारी दार वाजवत आली. "बाई, माझ्यासंगं दवाखान्यात याल का? कागद समदे कानडीत हायत."

पदरात वर्षाचंही न झालेलं लेकरू, पाळी चुकून पंधरा-वीस दिवस झालेले, नवरा पुण्याला कंपनीत. एवढ्यात दुसरं नको, असं दोघांचं फोनवर ठरलेलं. सासूबाईंना मात्र सांगितलेलं नव्हतं. मी चप्पल घातली.

काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करताच सांगितलं, "गंडन सही बेकु." नवऱ्याची सही पाहिजे. नवरा येणार शनिवारी, तोही सुट्टी मिळाली तर. मी शिकवते मराठी. कानडी नोकरीसाठी शिकले, अजूनही अक्षर लावत वाचते. फॉर्म घेऊन तशीच वाचत गेले. अख्ख्या कागदावर सहीची जागा एकच होती, आणि ती तिची होती.

हा संमतीचा फॉर्म १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यातून आला. मुंबईचे शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालावरून झालेला हा कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे. बाईला अठरा वर्षे पूर्ण असली आणि ती जाणती असली, की तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची नको, सासऱ्याची नको. ठेवलेली काळजी फसली, हेही कायद्याला मान्य असलेलं कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते अविवाहित मुलीलाही लागू झालं. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं आणि तिचं नाव बाहेर सांगणं हा गुन्हा आहे. तरीही काउंटरवर 'गंडन सही' मागितली जाते, आणि आपणही ती मुकाट्याने आणून देतो.

अशा वेळी मला सविता हलप्पनवर आठवते. आपल्या बेळगावची लेक, इथेच दंतवैद्यक शिकलेली, लग्नानंतर आयर्लंडला गेलेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं. तिने गर्भपात मागितला. बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली, वयाच्या ३१ व्या वर्षी. मे २०१८ मध्ये तिथल्या ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी घटनेतली बंदी काढायला कौल दिला. त्या मतदानाआधी बेळगावात बसून तिच्या आई-वडिलांनी त्यांना आवाहन केलं होतं. जी सोय तिला तिथे मिळाली नाही, ती तिच्या माहेरच्या गावात चाळीस वर्षांपूर्वीपासून कायदेशीर होती!

आणि आपण काय करतो? कच्ची पपई, तीळगूळ, नाहीतर मेडिकलमधून गुपचूप आणलेलं 'किट'. या गोळ्या वाईट नाहीत; त्या घेण्याची पद्धत वाईट आहे. पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची. गर्भ टिकवून धरणाऱ्या संप्रेरकाचं काम ती थांबवते. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. त्याने पिशवी आकुंचन पावते, कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जातं. आपल्याकडे हा उपाय नऊ आठवड्यांपर्यंत करतात. हे आठवडे शेवटची पाळी सुरू झाली त्या दिवसापासून मोजायचे. बायका चुकल्या तारखेपासून मोजतात आणि तिथेच महिन्याची गफलत होते. शंभरातल्या पंच्याण्णव जणींना गोळ्यांनीच मोकळं होता येतं. उरलेल्यांना पिशवी रिकामी करून घ्यावी लागते, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायचं. पण गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर गोळी काही करत नाही. नळी फुटून जीवावर बेतू शकतं. मेडिकलवाल्याला हे काउंटरपलीकडून कसं दिसणार? आणि तासाला दोन मोठे पॅड भिजतायत, असं सलग दोन तास झालं किंवा ताप उतरेना, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

दुसरा मार्ग हातपंपाच्या सिरिंजने गर्भ ओढून घेण्याचा. बारा आठवड्यांपर्यंत, पाच-दहा मिनिटांचं काम, बहुधा तेवढाच भाग बधिर करून, आणि संध्याकाळी घरी. आपल्या आयांच्या वेळचं खरवडून काढायचं क्युरेटिंग आता जुनं झालं. जागतिक आरोग्य संघटनाही ते नको म्हणते, पण काही ठिकाणी अजून चालतं. कोणत्या पद्धतीने करणार, हे डॉक्टरांना बेलाशक विचारावं.

गुपचूपपणाचं एक कारण मात्र खरं आहे. मार्च २०१७ मध्ये आपल्या हद्दीला लागून असलेल्या म्हैसाळला, गर्भपातात एक बाई दगावल्यावर, १९ भ्रूण पुरलेले सापडले. तेव्हापासून 'गर्भपात' म्हटलं की लोकांना पोलीस दिसतात. गुन्हा आहे तो मुलगा की मुलगी पाहण्याचा, आणि मुलगी म्हणून पाडण्याचा. सहा-सात आठवड्यांत सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळतच नाही. मराठीत काय नि कानडीत काय, आपोआप पडलं तरी 'गर्भपात' आणि करवून घेतलं तरी 'गर्भपात'च. या एका शब्दापायी, जिचं आपसूक गेलं तिच्याकडेही गल्ली संशयाने बघते.

तर, फॉर्म घेऊन मी आत डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी वाचला, काउंटरवर फोन केला आणि कानडीत चार शब्द सुनावले. मग सोनोग्राफी झाली, दोन्ही मार्ग समजावून सांगितले, आणि आमच्या सूनबाईंनी गोळ्या घेतल्या. सही करताना तिने विचारलं, "मराठीत केली तर चालंल न्हवं?"

"कोणत्याही भाषेत करा," डॉक्टर म्हणाल्या, "तुमची असली म्हणजे झालं."

पंधरा दिवसांनी तपासणीला जाताना तिने मला बोलावलं नाही. सासूबाईंना घेऊन गेली.